हातपाणी

डॉ. रेहाना मुल्लाने सहा बादल्यांवर फक्त आकडे लिहिले होते. कुठली बादली कोणाची, हे तिच्या वहीत होतं आणि वही मिटलेली होती.

२०४१ सालच्या मार्चमधली सकाळ होती. खांबवलीच्या माशांच्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात, काम करणाऱ्या सहा जणांनी नदीच्या पाण्यात दहा-दहा मिनिटं हात बुडवून ठेवले होते. साबण नाही, तेल नाही, एवढीच अट. बादल्यांची जागा बदलून आकडे रेहानाने नंतर घातले होते. इंदुमती ढेबेने सगळ्यांच्या आधी हात बुडवले, कारण हॅचरी तिची होती. कागदोपत्री ती आसणी मत्स्यमित्र मंडळाची होती, पण तेरा वर्षांपूर्वी घरोघर फिरून माणसं गोळा केली होती ती इंदुमतीने. वर्तमानपत्रांनी तिला 'माशांची आई' म्हटलं होतं. ती कात्रणं तिने भिंतीवर लावली नव्हती, पण कुठल्या खणात कुठलं आहे, हे तिला पाठ होतं.

आसणी नदीत पूर्वी महसीर भरपूर होते. खोऱ्यात त्यांना खडस म्हणतात. तांबूस सोनेरी अंगाचा, जाड ओठांचा, प्रवाहाच्या विरुद्ध जाणारा दणकट मासा. मग लोकांनी डोहांत सुरुंग टाकले, धरण झालं, ओढे गाळाने भरले आणि खडस फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरला. इंदुमती आणि तिच्याबरोबरच्या लोकांनी उरल्यासुरल्या माद्यांची अंडी घेऊन पिल्लं वाढवली आणि जलाशयात सोडली. आता ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत पुण्या-बंगळुरूहून गळाने मासे पकडणारे हौशी लोक येत. उलटा काटा नसलेला गळ वापरायचा, मासा मोजायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा पाण्यात सोडायचा, असा मंडळाचा नियम होता. खांबवलीतल्या निम्म्या घरांत पाहुण्यांसाठी खोली होती. इंदुमतीचा नवरा जयसिंग होडी चालवायचा.

एकच गोष्ट जमत नव्हती. मासे जलाशयात वाढत, पण पावसाळ्यात अंडी घालायला वर ओढ्यात जात नसत. म्हणजे हॅचरी बंद पडली की दहा वर्षांत सगळं संपणार. मत्स्यशास्त्रज्ञ रेहाना रत्नागिरीहून आली होती ती हेच कोडं सोडवायला.

"मासा ज्या पाण्यात जन्मतो त्या पाण्याचा वास त्याच्या मेंदूत पक्का बसतो," तिने आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं होतं. "पहिल्या तीन आठवड्यांत. मोठा झाल्यावर तो वास आला की तो त्या दिशेने चढतो. तुमची पिल्लं ट्रेमध्ये जन्मली. म्हणून तुम्ही ट्रेच्या पाण्यात एक औषधी अर्क टाकत होता आणि पावसाळ्यात तोच अर्क ओढ्याच्या तोंडाशी सोडत होता. कल्पना बरोबर होती. पण शंभरातले आठच मासे वर गेले. का?"

त्यासाठी तिने गंधवेध आणला होता. तांदळाच्या दाण्याएवढी चकती. ती माशाच्या नाकपुडीमागे बसवली की वास ओळखणाऱ्या मज्जातंतूंमधली खळबळ ती टिपते आणि बारीक आवाजाच्या रूपात पाण्यातून पाठवते. काठावरचं यंत्र तो आवाज ऐकून पडद्यावर रेघ काढतं. अनोळखी वास आला तर रेघ थोडी हलते. भीतीचा असेल तर खाली जाते. घराचा असेल तर उंच उठते आणि बराच वेळ तशीच राहते. सहाशे माशांना गंधवेध बसवून झाला होता.

औषधी अर्काला रेघ जेमतेम हलली होती. रेहानाने हॅचरीतला एकेक पदार्थ तपासला: पाइप, ट्रे, उकडलेल्या अंड्याचा बलक. कशालाच रेघ उठली नाही. मग पिल्लांना बलक कसा घालतात ते तिने पाहिलं. हाताने, बोटांनी कुस्करून, दिवसातून सहा वेळा.

माणसाच्या कातडीतून सतत काही द्रव्यं पाण्यात उतरतात. कातडीवरचे सूक्ष्म जंतू त्यात आपली भर घालतात. प्रत्येकाचं मिश्रण वेगळं आणि वर्षानुवर्षं साधारण तेच. पिल्लांनी घराचा वास म्हणून हात लक्षात ठेवला होता, असा रेहानाचा अंदाज होता. कोणाचा, ते आज कळणार होतं.

तिने पहिल्या बादलीतलं पेलाभर पाणी गोल टाकीत सोडलं. आत तीन वर्षांचे दहा खडस होते. रेघ थोडी खाली गेली. दुसरी, तिसरी, तसंच. चौथ्या बादलीला दहाही रेघा एकदम उठल्या. मासे वळले आणि पाणी जिथे पडत होतं तिथे दाटीने येऊन थांबले. इंदुमतीने ओठ घट्ट मिटले, हसू दिसू नये म्हणून.

रेहानाने वही उघडली. "चार नंबर. सगुणा हिलम."

सगुणा मागे दाराशी उभी होती. आपलं नाव ऐकून तिने पदराला हात पुसले.

"माझी कितवी होती?" इंदुमतीने विचारलं.

"पहिली, मॅडम."

पहिलीला रेघ खाली गेली होती.

---

सगुणा पलीकडच्या कातकरवाडीतली. दोघी एकाच वयाच्या, नदीवर एकत्र वाढलेल्या. पाणी हलतंय तिथे मासा आहे की नुसता वारा, हे इंदुमतीला लहानपणी सगुणाच्या बापाने शिकवलं होतं. हॅचरीची पहिली तीन वर्षं इंदुमतीने पिल्लांना स्वतः भरवलं. मग सत्कार सुरू झाले, बैठका आल्या, इतर नद्यांवरची मंडळं सल्ल्याला बोलवू लागली, आणि तिने सगुणाला कामावर घेतलं. ट्रे सगुणाच्या ताब्यात देताना "आपल्या घरातलंच माणूस आहे" असं ती म्हणाली होती. दहा वर्षं त्या वाक्याचा तिला अभिमान होता.

आता पडद्यावरच्या दहा रेघा तिच्या डोळ्यांपुढून हलेनात.

रेहानाचा बेत साधा होता. जुलैत पाणी चढू लागलं की गाळदेवीच्या ओढ्याच्या तोंडाशी सगुणाचं हातपाणी, म्हणजे तिने हात बुडवलेलं पाणी, थेंबथेंब सोडायचं. हा ओढा मंडळाने चार वर्षं खपून गाळमुक्त केला होता, माशांना चढता यावं म्हणून दगडी पायऱ्या बांधल्या होत्या. हातपाणी सहा तासांनी बिघडायला लागतं, थंड डब्यात ठेवलं तर दिवसभर टिकतं. म्हणजे सगुणाला रोज सकाळी येऊन हात बुडवायला लागणार.

'हातपाणी' हा शब्द सगुणाचाच. तोही सगळ्यांनी उचलला.

बातमी गळवाल्यांपर्यंत पोचायला आठवडाही लागला नाही. एप्रिलमध्ये आलेला प्रत्येक पाहुणा विचारू लागला, सगुणाबाई कोण? तिने काठावर बसून पाण्यात हात घातला की पाच-सहा मिनिटांत दहा-पंधरा खडस तिच्या भोवती फिरायला लागत. लोक फोटो काढत. पुण्याच्या एकाने तिच्याकडे बाटलीभर हातपाणी मागितलं, गळाला लावायला.

"ते माझ्याकडं खायच्या आशेनं येत्यात," सगुणा म्हणाली. "त्यात गळ कसा ठेवू?"

सोराब भरूचा तिथेच होते. सत्तरी ओलांडलेले हे पारशी गृहस्थ नऊ वर्षं नेमाने गळ टाकायला खांबवलीला यायचे. त्यांनी त्या माणसाला आपल्या मोडक्या मराठीत सांगितलं, "असा मासा पकडेल तर ते शिकार पण नाय आणि खेळ पण नाय. तू बाजारात जा." मग सगुणाकडे वळून त्यांनी टोपी काढली.

नऊ वर्षांत त्यांनी इंदुमतीसमोर टोपी काढली नव्हती. ते तिला हसून नमस्कार करत, ख्यालीखुशाली विचारत, नातवंडांचे फोटो दाखवत. पण टोपी काढली नव्हती. हे आपण मोजतोय, याची इंदुमतीला लाज वाटली आणि तरी ती मोजत राहिली.

एकदा मुंबईहून एक पत्रकार बाई आली. इंदुमतीने खणातून कात्रणं काढून ठेवली होती. बाईने ती नम्रपणे चाळली आणि विचारलं, "सगुणाताई किती वाजता येतात?"

रात्री जेवताना जयसिंगसुद्धा म्हणाला, "सगुणाची कमाल आहे बघ. आज होडीतून नुसती बोटं टाकली पाण्यात..."

"बघितलंय मी," इंदुमती म्हणाली आणि त्याला वाढायचं सोडून आत गेली.

ती भल्या सकाळी एकटी हॅचरीत जाऊ लागली. मोठ्या माशांना स्वतःच्या हाताने खायला घालू लागली. मासे येत, खात आणि निघून जात. ती पडदा चालू करून बघायची. सवयीने रेघ आता खाली जात नव्हती, पण उठतही नव्हती; जमिनीवर ठेवलेल्या दोरीसारखी आडवी. एका सकाळी सगुणा आत आली, तिने पाहिलं आणि ती तिच्याशेजारी बसली.

"ताई, तीन आठवडं वयाच्या आत भरवलं तरच बसतो वास. आता किती घातलं तरी नाय."

"मला माहीत आहे. रेहानाने मलाच आधी सांगितलं होतं."

"मग कशापायी जीव जाळतीस?"

सगुणाच्या आवाजात टोचणी नव्हती, म्हणूनच ते इंदुमतीला जास्त लागलं. तिने सगुणाच्या हातांकडे बघितलं. आखूड बोटं, अंगठ्याला जुनी कापल्याची खूण, नखांत मातीचा रंग. असे हात वाडीत पन्नास सापडतील. तिला ते हात आवडेनासे झाले होते.

---

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात डोंगरावर पावसाने जोर धरला. जलाशयात येणारं पाणी गढूळ झालं आणि रेहानाच्या यंत्रावर दिसलं की चारशेच्या वर मासे नदीच्या तोंडाशी गोळा झालेत. मासे वर्षातून एकदाच असे चढतात, वाढत्या पाण्याबरोबर, चोवीस-तीस तासांत. तेवढ्यात त्यांना दिशा सापडली पाहिजे. वर जाताना नदीला दोन फाटे फुटतात. उजवीकडे गाळदेवीचा ओढा, बारमाही, सावलीचा, रेतीच्या तळाचा. डावीकडे रावळ ओढा, उघड्या कातळावरून येणारा. पाऊस असतो तोवर तो खळाळतो आणि उघडीप पडली की दोन दिवसांत कोरडा होतो.

सगुणाने सकाळी सात वाजता तीन डबे हातपाणी भरून दिलं आणि ती घरी गेली. गेले काही दिवस तिला चक्कर येत होती. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या सुरू केल्या होत्या आणि विश्रांती घ्यायला सांगितलं होतं. रेहाना खाली जलाशयावर यंत्रापाशी होती. बाकीचे लोक पुलाजवळ. दुपारी बारा वाजता ओढ्यावरचा रिकामा डबा काढून दुसरा लावायचं काम इंदुमतीकडे होतं.

ती एकटीच चढून गेली. पाऊस थांबला होता, झाडं टपटपत होती. तिने थंड पेटी उघडली. उरलेल्या दोन डब्यांवर रेहानाच्या अक्षरात लिहिलं होतं: सगुणा.

इंदुमतीने पहिला डबा उचलला, झाकण काढलं आणि पाणी झुडपात ओतलं. मग दुसरा. हे करताना ती रागाने थरथरत वगैरे नव्हती. घरातली भांडी विसळावीत तसं तिने ते केलं. मग डबे ओढ्यावरच्या झऱ्याच्या पाण्याने भरले, दगडावर बसली आणि दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले. ती मनाशी म्हणत होती, पहिल्या तीन वर्षांची पिल्लं माझ्या हातची आहेत. ती आता बारा, अकरा, दहा वर्षांची असतील. मोठे मासे पुढे निघाले की लहान मागून येतील. आपण नुकसान करत नाही आहोत. आपण फक्त बघतो आहोत.

तिने डबा लावला. थेंब पडू लागले.

सव्वा तासाने पहिला मासा दिसला.

खालच्या पायरीशी पाणी फुगलं आणि त्यातून एक जुनी मादी वर आली, हातभराहून लांब, कडेने हिरवट सोनेरी. ती पायरीवरच्या कुंडात थांबली, तोंड थेंबांच्या दिशेला करून. मग दुसरी. मग एक नर, आणि आणखी दोन. पाच. इंदुमती पाण्यात उतरली. मासे हलले नाहीत. एका मादीच्या गालावर पांढरा डाग होता. ती तिला ओळखू आली. पिल्लू असताना ती ट्रेच्या जाळीत अडकली होती आणि इंदुमतीने ती टाचणीच्या टोकाने सोडवली होती.

त्या मादीने तिच्या तळव्याला तोंड लावलं.

इंदुमतीला कोणीतरी अगदी आतून हाक मारावी तसं झालं. गेले चार महिने छातीत जे अडकून होतं ते सुटलं. तिला वाटलं, आत्ता इथे कोणीतरी असायला हवं होतं. रेहाना, सोराबजी, ती पत्रकार बाई. आणि सगळ्यांत जास्त सगुणा.

कमरेचा फोन वाजला. रेहाना होती.

"मॅडम, पाणी चालू आहे ना?"

"चालू आहे."

"डबा बदललात?"

"बदलला."

"मग हे असं का होतंय? मासे फाट्यापर्यंत येतात आणि तिथे त्यांच्या रेघा खाली जातात. डावीकडे वळतायत. रावळमध्ये. साठ गेले."

इंदुमती कुंडात उभी होती. पाच मासे तिच्या पायांशी होते. सगुणाचं घर तिथून वीस मिनिटांवर होतं. ती फोन करून तिला बोलावू शकत होती. आलेली सगुणा ओढ्यात नुसते हात बुडवून बसली असती तरी पुरलं असतं. त्यासाठी एकच वाक्य बोलावं लागलं असतं.

"थांब थोडं," ती म्हणाली. "आधी मोठे चढतील. मागून येतील बाकीचे."

चार वाजेपर्यंत दोनशे अकरा मासे रावळ ओढ्यात गेले. बाकीचे गोंधळून जलाशयात परतले.

---

दोन दिवसांनी लख्ख ऊन पडलं. रावळचं पाणी कातळावरून उतरत गेलं आणि मासे खळग्यांत अडकले. सगळी खांबवली धावली. लोकांनी ओल्या गोणपाटात मासे गुंडाळून अर्धा कोस खाली नदीपर्यंत नेले. सोराबजी पावसाळ्यात कधी येत नसत. ते बातमी ऐकून गाडी काढून आले आणि गुडघ्यांची दुखणी विसरून कातळावर चढ-उतार करत राहिले. जयसिंगने पाठीवरून चौदा मासे नेले. तरी एकशे त्रेचाळीस मेले. बहुतेक माद्या होत्या, पोटात अंडी असलेल्या.

सगुणा एका खळग्याशी बसून होती. तिने हात पाण्यात घातला की अर्धमेले मासे तिच्याकडे सरकत. ती त्यांना उचलून गोणपाटावर ठेवत होती.

संध्याकाळी हॅचरीच्या ओसरीत रेहानाने कारण शोधायला सुरुवात केली. "अनोळखी माणसाच्या कातडीचा वास माशांना धोक्याचा वाटतो. अस्वल, माणूस, त्यांना सारखंच. फाट्यावर त्यांना नुसतं घर सापडलं नाही असं नाही, ते घाबरून वळले. म्हणजे हातपाण्याचा वास बदलला होता." ती थांबली. "सगुणामावशी, गेल्या महिन्यात काही बदललं? साबण, तेल, खाणं?"

"काय नाय," सगुणा म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "गोळ्या. रक्तदाबाच्या."

"असू शकेल," रेहाना सावकाश म्हणाली. "औषध घामातून उतरतं. खळग्यातले मासे अर्धमेले होते, ते कोणाच्याही हाताकडे सरकले असते. मी तपासायला हवं होतं. चूक माझी."

"हात माझं होतं," सगुणा म्हणाली.

इंदुमती खांबाला टेकून उभी होती. तिने तोंड उघडलं नाही. उलट तिच्या मनात एक विचार येऊन गेला, आणि पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला तो विचार माफ करू शकली नाही: आता लोक पुन्हा माझ्याकडे येतील.

लोक आले. मंडळाच्या कामाचं काय, पुढच्या मोसमाचं काय, अंडी कुठून आणायची, सगळं तिला विचारू लागले. सगुणाबद्दल कोणी वाईट बोललं नाही, पण तिच्याजवळ कोणी बसेनासं झालं. इंदुमतीने पाच जुन्या माशांबद्दल कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर का आले तेही सांगावं लागलं असतं. आयुष्यातला सर्वांत मोठा आनंद तिला चोरीच्या वस्तूसारखा लपवून ठेवावा लागला आणि लपवल्यावर तो आनंदही राहिला नाही. डोळे मिटले की कातळावर उलटी पडलेली पांढरी पोटं दिसत.

बारा दिवसांनी सगुणाची सून चंद्राबाई हॅचरीत आली. ती तिथे कधी येत नसे.

"ताई, तुमचं ऐकत्यात आई. जरा सांगा त्यांना. गोळ्या बंद केल्यात त्यांनी. म्हनत्यात, पुढच्या पावसापत्तुर हात धुऊन निघालं पाहिजेत. काल पडल्या चुलीपाशी. दवाखान्यात नेलं तर रक्तदाब दोनशेला. डॉक्टर म्हनले, डोक्यात शीर फुटली असती."

इंदुमती चप्पल घालायचं विसरून निघाली.

सगुणा अंगणात बाजेवर बसली होती. कपाळाला पट्टी होती. इंदुमतीला बघून तिने बाजूला जागा केली.

"बसायला नाही आले," इंदुमती म्हणाली. "गोळी घे आधी."

"घेईन पुढच्या वर्षी."

"सगुणा, तुझ्या हातांना काही झालं नव्हतं. ते पाणी तुझं नव्हतंच. मी ओतून दिलं. डब्यात माझे हात बुडवले."

वाडीत कुठेतरी कोंबडी ओरडत होती. सगुणाने तिच्याकडे बघितलं, मग तिच्या हातांकडे.

"कशाला?"

"मला वाटलं, माझेही काही असतील. होते. पाच आले. रेहानाचा फोन आला तेव्हा मी तुला बोलावू शकले असते. वेळ होता. नाही बोलावलं."

"तुला मासं पायजे होतं, का मी नको होते?"

इंदुमतीने खोटं बोलायचा विचार केला. "तू नको होतीस," ती म्हणाली.

सगुणाने सुनेला हाक मारून पाणी आणायला सांगितलं, उशाखालची गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

"बारा दिस मी झोपले नाय, इंदू," ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदा तिने ताई म्हटलं नाही. "ती पोरं माझ्या हातानं मेली असं वाटत होतं मला. आता मला एकटीला सांगून काय उपेग? सगळ्यांनी मला बघितलंय तसं. सगळ्यांना सांग."

"सांगते."

"आन् हितं येऊ नको. मी बोलावीन तवा ये."

---

सभा रविवारी शाळेच्या वर्गात झाली. इंदुमतीने उभं राहून सांगितलं, जसं घडलं तसं, आकड्यांसकट. कारण सांगताना ती अडखळली. मग तिने एकच शब्द वापरला: मत्सर. जयसिंग खाली मान घालून ऐकत होता. रेहाना उठून बाहेर गेली आणि परत यायला तिला वेळ लागला. कोणी शिव्या दिल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने विचारलं, "एवढं शिकून असं?"

तिचं अध्यक्षपद गेलं. मंडळाने सगुणाला अध्यक्ष केलं. ती नको म्हणाली, मग रेहानाने समजावल्यावर दोन अटींवर हो म्हणाली. पहिली, त्या वर्षीचा गळाचा मोसम पूर्ण बंद. उरलेल्या माशांना कोणी हात लावायचा नाही. सोराबजींनी गळवाल्यांच्या वतीने ते मान्य केलं आणि मोसमात रिकाम्या हाताने येऊन ओढ्याच्या पायऱ्या दुरुस्त करू, असं सांगितलं. दुसरी अट रेहानाच्या सांगण्यावरून होती. पिल्लांना यापुढे एकाच हाताने भरवायचं नाही. नदीभरचे मासे एका बाईच्या रक्तदाबावर टांगून ठेवता येत नाहीत.

ऑगस्टअखेरीला जलाशयातल्या वाचलेल्या माद्यांपैकी नऊ जणींची अंडी मिळाली. चौथ्या दिवशी अंडी फुटून पिल्लं बाहेर आली. पिल्लांच्या पोटाखालची अन्नाची पिवळी थैली संपत आली तेव्हा चंद्राबाई ढेब्यांच्या दारात आली.

"आईनं बोलावलंय. सकाळी सहाला. साबण लावू नका म्हनल्या."

हॅचरीत चार ट्रे मांडलेले होते. एका ट्रेपाशी रेहाना, एकापाशी जयसिंग, एकापाशी सगुणा. चौथा रिकामा होता. रोज ट्रे बदलायचे, म्हणजे प्रत्येक पिल्लाला चारही हात कळतील. सगुणाने इंदुमतीकडे बघून नुसती मान हलवली आणि बलकाची वाटी सरकवली. दोघींत त्या सकाळी तेवढंच झालं.

"तीन आठवडे," रेहाना सगळ्यांना उद्देशून म्हणाली. "दिवसातून सहा वेळा. कोणी चुकवायचं नाही."

इंदुमतीने बलक बोटांत कुस्करला आणि हात पाण्यात घातला. पिल्लं डोळ्याच्या पापणीएवढी होती, नुसते डोळे आणि शेपटी. ती क्षणभर पांगली. मग एक आलं, मग पाच, मग सगळी तिच्या बोटांभोवती जमली आणि बारीक बारीक टोचू लागली. ही बाई कोण, हे त्यांना अजून ठाऊक नव्हतं.

शेजारच्या ट्रेकडे बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. ती खाली बघत राहिली, पिल्लं मोजत राहिली.

मग तिने बघितलं. सगुणाच्या हाताभोवतीही तेवढीच होती.

इंदुमतीने आणखी बलक घेतला.